हाक मारायचं नाव

१

मी लहान मुलांचे कान तपासते. बोलता न येणाऱ्या मुलांचे. ज्याला 'ऐकू येतंय का' असं विचारून उपयोग नाही, त्याच्या मानेवरून आणि डोळ्यांवरून ते ओळखायचं, हे माझं काम. तपासणीची खोली म्हणजे एका खोलीत बसवलेली दुसरी खोली. भिंतींना जाड स्पंज, दार फ्रिजच्या दारासारखं दाबून लावायचं. आत आई नाहीतर बाप मुलाला मांडीवर घेऊन बसतो आणि मी काचेच्या पलीकडून कधी डाव्या, कधी उजव्या स्पीकरमधून बारीक आवाज सोडते. मूल त्या बाजूला वळलं की तिथल्या काळ्या पेटीत दिवा लागतो आणि आतलं खेळण्यातलं माकड झांजा वाजवतं. मूल खूश, आईबाप खूश. मला मात्र माकड दिसायच्या आधीची ती वळलेली मान हवी असते. तेवढ्यावर माझं पोट चालतं.

आणि आमचं स्वतःचं बाळ त्याच्या नावाला वळत नव्हतं.

नाव शोधायला आम्ही कमी कष्ट घेतले नव्हते. नवऱ्याचे मामा जन्मभर भाषा शिकवत आले, निवृत्त झाल्यावर तर शब्दांच्या मागे हात धुऊन लागलेले. बाळ पोटात असल्यापासून ते फोनवर नावं सुचवत आणि प्रत्येकाची कुळकथा सांगत. अनिमिष, म्हणजे ज्याची पापणी लवत नाही तो. नवरा म्हणाला, नको, खरंच रात्रभर टक्क जागा राहील. तमोनुद, म्हणजे अंधार घालवणारा. सासूबाई म्हणाल्या, शाळेत पोरं त्याला तंबू म्हणतील. शेवटी एक जुनं, आमच्या ओळखीत कुणाचंच नसलेलं, पण जिभेला सोपं नाव ठरलं. अर्थ, उजाडायच्या जरा आधीचा उजेड. ओठ मिटून सुरू होणारं, कारण मुलांना ओठांची अक्षरं आधी जमतात; हा आग्रह माझा. सासूबाईंना चारचौघांसारखं नाव हवं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे, तुमचं मूल." आमच्या घरात 'ठीक आहे' म्हणजे ठीक नसतं.

बाळ रांगायला लागलं तरी नावाला वळेना. चमचा पडला की वळायचा, माझ्या पर्सची चेन उघडली की वळायचा. शेवटी मी त्याला कामाच्या ठिकाणी नेऊन रीतसर तपासलं. अगदी कुजबुजीएवढ्या आवाजालाही त्याने दर वेळी अचूक बाजू पकडली. कान ठणठणीत. मग मी स्पीकरमधून त्याच्या नावाने हाक मारली, आणि तो बुटाची नाडी चोखत बसून राहिला. जणू मी दुसऱ्याच कुणाच्या मुलाला बोलावत होते.

२

सुटीचा दिवस होता. मी बाथरूममध्ये कपडे पिळत होते आणि सासूबाई ओट्याशी होत्या. तिथूनच त्यांनी काहीतरी हाक मारली. मला वाटलं, शेजारणीला. दारातून डोकावले तर चटईवर बसलेल्या बाळाने हातातला ठोकळा टाकला होता आणि मान झटक्यात वळवली होती. अशी मान मी रोज बघते. ती ओळखीच्या शब्दाला वळलेली मान होती.

ती हाक म्हणजे एक नाव होतं, दोन अक्षरांचं. मी ते इथे लिहिणार नाही, का ते पुढे कळेल. पहिलं अक्षर लांबवायचं, दुसरं घशातून जोराने सोडायचं. त्यात ओठांचं एकही अक्षर नव्हतं. तोंड किंचित उघडं ठेवून, ओठ जराही न हलवता ते म्हणता येतं. कामाची सवय म्हणून हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

मी परत कपडे पिळायला गेले. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. माझ्या पाठीमागे माझ्या मुलाचं नाव बदललं जात होतं, आणि कोण बदलतंय हे सांगायला ज्योतिषी नको होता. कामावरून दुपारी घरी फोन करायचा, सासूबाई 'हॅलो' म्हणाल्या की इकडचं तिकडचं बोलत मागचा आवाज ऐकत राहायचं, असं मी सुरू केलं. एकदा लवकर निघून आले आणि चपला हातात घेऊन आमच्याच दाराला कान लावून उभी राहिले. समोरच्या बाई कचरा ठेवायला बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून आत गेल्या. लाज वाटली, पण हवं ते ऐकू आलं. सासूबाई त्याला तेच नाव घेऊन भरवत होत्या.

त्याच संध्याकाळी नवरा बाळाला अंघोळ घालत होता. पाणी ओतता ओतता तो तेच नाव चालीवर गुणगुणत होता. मी विचारलं, हे कुठून आलं? तो आधी गोंधळला, मग म्हणाला की आई म्हणते ना तसं. त्याला वाटलं, आम्ही दोघींनी मिळून हाक मारायचं नाव ठेवलंय. त्यालाही ते आवडलं होतं. तोंडात बसतं, म्हणाला.

३

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंसमोर बसले. त्या मटार सोलत होत्या, मीही मूठभर पुढ्यात ओढले.

"आई, तुम्हाला आमचं नाव पसंत नव्हतं तर तसं सांगायचं होतं. हे दुसरं कशाला?"

"दुसरं कुठलं?"

मी ते नाव घेतलं. माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच निघालं. चटईवर बाळ वळलं.

"ते तर तू ठेवलंस," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता उलट माझ्यावरच ढकलतायत. पण त्या अगदी सरळ सांगत होत्या. दुपारी त्या बाळाला आतल्या खोलीत निजवून ओट्याशी येत. थोड्या वेळाने आतून माझी हाक ऐकू येई. दोन-तीनदा, लाडाने. सुरुवातीला शब्द कळला नाही, मग कानावर बसला. त्यांना वाटलं, हिचं लाडाचं नाव दिसतंय, आपणही तेच म्हणावं. तेवढंच सुनेचं मन राखलं जाईल.

"आई, मी दुपारी कामावर असते."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मला वाटायचं तू मधल्या वेळात येऊन जातेस," त्या म्हणाल्या. "हात पुसून आत येईपर्यंत तू गेलेली असायचीस. माझ्याशी बोलायचं नसेल, म्हणून मीही कधी विचारलं नाही."

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. तेव्हा वाटलं नाही. मला वाटलं, एक तर या खोटं बोलतायत, नाहीतर यांचं डोकं चालेनासं झालंय, आणि अशा बाईकडे मी दिवसभर मूल सोपवते. गुडघे दाखवायच्या निमित्ताने त्यांना डॉक्टरांकडे नेलं आणि हळूच स्मरणशक्तीचीही चौकशी करून घेतली. डॉक्टर म्हणाले, यांचं डोकं आपल्या सगळ्यांपेक्षा शाबूत आहे. मागच्या भेटीत ठरलेली पथ्यं त्यांनी डॉक्टरांनाच म्हणून दाखवली होती.

मग मी खोली तपासली. आवाज पाइपातून येतो, लिफ्टच्या पोकळीतून येतो, वरच्या मजल्यावरचा टीव्ही भिंतीतून खाली उतरतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी भिंतीला कान लावला. कोपऱ्याकोपऱ्यात टाळ्या वाजवल्या. खोलीत एक कपाट, पाळणा, आमचा पलंग आणि रंगाने घट्ट बसलेली खिडकी. कपड्यांच्या ढिगाने तिथला आवाज मऊ होतो, तेवढंच. बाहेरचा शब्द आत येईल अशी एकही जागा सापडली नाही. आवाज खोलीत होऊ शकतो तो फक्त खोलीतूनच.

४

मामांकडे जायचं मीच काढलं. कुणी कुठून ऐकलं याचा पत्ता लागत नसेल, तर निदान शब्द कुठून आला ते तरी कळेल. एखादं जुनं नाव निघालं असतं, कुठल्या दूरच्या भाषेतला एखादा शब्द निघाला असता, तर सासूबाईंनी कुठेतरी वाचला असेल म्हणून मी सुटले असते.

मामा खुर्चीत, मी समोरच्या सोफ्यावर, बाळ गालिच्यावर. मामांच्या पाठीमागे स्वयंपाकघराचं उघडं दार. मी त्यांच्या कानाशी वाकून ते नाव सांगितलं, बाळाला ऐकू जाऊ नये म्हणून. मामांनी डोळे मिटले. त्यांना आवडणारा खेळ होता हा. बराच वेळ ते धातू, प्रत्यय, कुठल्या कुठल्या भाषा पुटपुटत राहिले आणि मग म्हणाले की असा शब्द त्यांना ठाऊक नाही, कशाचा अपभ्रंशही वाटत नाही. मात्र शब्दाची घडण चांगली आहे. लांबवता येणारा स्वर पुढे, शेवटाला जोर. शेताच्या पलीकडच्या टोकाला, नदीच्या पल्याड ऐकू जावं अशी. लांब असलेल्या माणसाला बोलवायला केल्यासारखं नाव आहे हे, असं ते म्हणाले.

"अर्थ?"

"अर्थ कशाला लागतो? ज्याचं नाव, तोच त्याचा अर्थ." आणि ते पुढे वाकून, मोकळ्या आवाजात, शिक्षकाच्या खणखणीत आवाजात बाळाला त्या नावाने हाक मारून बसले.

बाळ वळलं. हसलंसुद्धा.

मामांचा चेहरा आधी फुलला, मग उतरला. "हे याचं नाव नाही," ते म्हणाले.

मी विचारलं, का?

"वर्गात मी मुलांची नावं घ्यायचो ना, तेव्हा ज्याचं नाव तो माझ्याकडे बघायचा. बाकीचे त्याच्याकडे बघायचे." ते हळूच म्हणाले, "हा माझ्याकडे बघत नाहीये."

खरंच बघत नव्हता. तो मामांच्या खांद्यावरून मागे, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. एखाद्याला बोलावलं की तो येतो का, हे बघतात तसा.

मामांनी मागे वळून पाहिलं नाही. मीही त्यांना सांगितलं नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर गेल्या काही महिन्यांतली प्रत्येक वळलेली मान येऊन गेली. सासूबाई ओट्याशी होत्या आणि बाळ बघत होतं ते आतल्या खोलीच्या दाराकडे. नवरा समोर बसून पाणी ओतत होता आणि बाळ बघत होतं त्याच्या कानामागे. मान वळते का, एवढंच मी बघत राहिले. नजर कुठे जाते, हे मी परक्या मुलांच्या बाबतीत कधी विसरले नसते.

५

नवऱ्याने हे सगळं हसण्यावारी नेलं. मुलं कुठेही बघतात, म्हणाला. मी म्हटलं, चल मग, एकदा नीट तपासू आणि विषय संपवू. दुपारी जेवणाच्या सुटीत आमचा विभाग रिकामा असतो. त्याला खुर्चीत बसवलं, बाळ त्याच्या मांडीवर, अंगात लोकरीचं जाकीट. दार दाबून लावलं. मी काचेच्या अलीकडे, माझ्या खोलीतला दिवा बंद. मूल माझ्याकडे बघू नये म्हणून तो बंदच ठेवतात.

आधी साधे आवाज दिले. डावीकडे, उजवीकडे. बाळ चोख वळत होतं, माकड झांजा वाजवत होतं, नवरा मला अंगठा दाखवत होता. मग मी डाव्या स्पीकरमधून ते नाव घेतलं.

आवाज कुठून आला हे कळणाऱ्या मुलाने डावीकडेच वळायला हवं. तो वळला नाही. त्याने समोर, काचेकडे पाहिलं. मी स्वतःला सांगितलं, आईचा आवाज ओळखला, आईला शोधतोय. पण अंधारात बसलेल्या मला त्याची नजर लागत नव्हती. ती माझ्या शेजारी लागत होती. तिथे भिंत होती आणि माझा कोट अडकवलेला होता. मी हात लांबवून कोट चाचपला. कोटच होता.

उजव्या स्पीकरमधून पुन्हा नाव घेतलं. कामात असताना माणूस एकदा सुरू केलेली तपासणी पुरी करतो, तसंच काहीसं झालं माझं. या वेळी बाळाने दाराकडे पाहिलं. ते दाबून लावलेलं दार, ज्यातून मुंगीचाही आवाज आत येत नाही. त्याची नजर दारावर टेकली आणि तिथून हळूहळू सरकायला लागली. स्पंजाच्या भिंतीकडेने. डाव्या पेटीवरून. चालत येणाऱ्या माणसाकडे आपण बघतो तशी, न अडखळता, जवळ जवळ. मग मान वर झाली, कारण जवळ आलेल्या मोठ्या माणसाचं तोंड बघायला मुलाला मान वर करावी लागते.

मी तिसऱ्यांदा हाक मारली नव्हती.

बाळाने दोन्ही हात वर केले. आणि मी काचेतून पाहिलं की त्याचं जाकीट काखेपाशी दोन्ही बाजूंनी गोळा झालं. मूल उचलताना कापड जसं चुरगळतं ना, तसं. नवऱ्याचे हात बाळाच्या पोटावर होते. त्याने एकदम खाली पाहिलं आणि बाळाला छातीशी आवळून धरलं.

मी दार उघडून आत गेले तेव्हा तो बाळाला तसाच आवळून बसला होता. नंतर, गाडीत, त्याने सांगितलं. समोर रस्त्याकडे बघत, एखाद्या परक्या घरातली गोष्ट सांगावी तसं.

"तो हलका झाला गं. मी धरलेला होता आणि तो हलका झाला."

६

ते नाव आम्ही बंद केलं. सासूबाईंना काय सांगावं याचा मी घोर लावून घेतला होता, पण त्यांनी काहीच विचारलं नाही. नवरा म्हणाला, आई, ते नाव नको आता. त्यांनी मान हलवली आणि आपला पलंग ओढून आतल्या खोलीच्या दारात आडवा लावला. दुपारी त्या तिथेच बसून राहायच्या. मी मनातल्या मनात त्यांची किती वेळा माफी मागितली, मोजली नाही. तोंडाने मागितली ती एकदाच, तेव्हा त्या म्हणाल्या, तू येऊन न बोलता जात नव्हतीस, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

पुढे आम्ही घरही बदललं. रहदारीच्या रस्त्यावर, खाली दुकानं, दिवसभर गोंगाट. लोक शांत जागा शोधतात, आम्ही आवाजाची शोधली. आणि तिघांनी मिळून बाळाला त्याचं खरं नाव शिकवायला घेतलं. घास देताना नाव, चेंडू देताना नाव, टोपरं घालताना नाव. मामा फोनवरून हेच खरं नाव घ्यायचे आणि आम्ही फोन त्याच्या कानाला लावायचो. हळूहळू तो वळायला लागला. आधी उशिरा, मग लगेच, मग हसून. मुख्य म्हणजे ज्याने हाक मारली त्याच्याकडे बघून. ज्या दिवशी त्याने ओठ मिटून, फुगवून आपलं नाव स्वतः म्हणून दाखवलं, त्या दिवशी नवरा स्वयंपाकघरात जाऊन रडला. मला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं.

तो चालायला लागल्यावरची गोष्ट. मी त्या दिवशी घरी होते. भर दुपार, खाली कुणाचं तरी सामान उतरवत होते. सासूबाई आणि मी ओट्याशी शेजारी शेजारी उभ्या, मी भांडी विसळतेय, त्या पुसतायत. बाळ मधल्या खोलीत चेंडूमागे धावत होतं.

आतल्या खोलीतून हाक आली. त्याच्या खऱ्या नावाची. आम्ही शोधलेल्या, आम्ही घासाघासाला शिकवलेल्या नावाची. आवाज माझा होता. जराशी ओढून, शेवटाला चढवून, अगदी मी मारते तशी.

सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझे ओठ मिटलेले होते.

मधल्या खोलीत चेंडू टप्पे घेत थांबला आणि छोटी पावलं आत निघाली. मी ओल्या हातांनी धावले. दाराच्या आत त्याचा एक पाय पडलाच होता, तेवढ्यात मी त्याला उचललं आणि छातीशी धरलं. खोलीत बघितलं नाही. बघायचंच नाही असं ठरवून मी त्याच्या केसांत तोंड खुपसलं आणि त्याच्या कानात म्हटलं, मी आहे, आई आहे.

आतून पुन्हा हाक आली, आता अगदी जवळून. हळू, समजुतीची. मूल पडलं की मी ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात.

बाळाने मान मागे घेऊन माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओठांना बोट लावून पाहिलं. मग खोलीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. कपाळाला बारीक आठी घालून तो माझा चेहरा वाचत राहिला, आणि मग त्याचं तोंड वाकडं झालं, खालचा ओठ बाहेर आला.

परक्या बाईने उचललं की मूल रडत जसं आईकडे झेपावतं, तसा तो दोन्ही हात पसरून खोलीकडे झेपावला.